टर्बेल

टर्बेल : स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागातील व्हॅले कँटनमधील एक लहान डोंगरी कम्यून (स्थानिक स्वशासन-घटक). लोकसंख्या सु. ५००. ते फिस्प शहराच्या दक्षिणेस, फिस्पा नदीखोऱ्याच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सु. १,५०० मी. उंचीवर वसले आहे. येथील भाषा जर्मन असून बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक आहेत. सामायिक कुरणे व वने यांच्या दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थेमुळे हे गाव समाजशास्त्रज्ञांच्या व अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय बनले.

भोवतालच्या उंच पर्वतरांगा पाऊस अडवीत असल्याने हे खोरे कोरडे आहे. त्यामुळे डोंगरकडेने काढलेल्या पाटांचे पाणी शेते व गवताची राने यांना पाळीपाळीने देत. राय, बटाटे, खालच्या उतारांवर द्राक्षे आणि पशुपालन ही उपजीविकेची पारंपरिक साधने होत. जुन्या धान्यकोठारांच्या खांबांवर उंदरांना अटकाव करण्यासाठी चपट्या शिळा बसविलेल्या आढळतात.

येथील जमिनीच्या व्यवहारांचे दस्तऐवज १२२४ पासूनचे आहेत. शेते, बागा, द्राक्षमळे व गवताची राने खाजगी मालकीची, तर उंचावरील कुरणे, वने, पडीक जमिनी, पाट व रस्ते सामायिक, अशी विभागणी होती. १ फेब्रुवारी १४८३ रोजी ग्रामस्थांनी कुरणे, वने व पडीक जमिनी यांच्या वापराचे नियमन करणारी संस्था करारान्वये स्थापन केली. १५०७ मध्ये सामायिक जमिनींच्या हद्दी पक्क्या करण्यात आल्या. हिवाळ्यात आपल्या वैरणीवर जेवढ्या गायी पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवाव्यात, हा नियम १५१७ पासून नमूद आहे. जादा गायी पाठविणाऱ्यास दंड होई व दंडाची निम्मी रक्कम वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यास मिळे. कुरणावर तयार होणारे चीज गायींच्या दुधाच्या प्रमाणात वाटले जाई. तोडावयाची झाडे अधिकारी आखून देत आणि लाकडाचे सारखे ढीग करून ते चिठ्ठ्या टाकून कुटुंबांना देत.

या व्यवस्थेस मर्यादाही होत्या. गावात जमीन विकत घेणाऱ्या परक्यास सामायिक कुरणांवर वा वनांवर हक्क मिळत नसे. मर्यादित साधनांवरील लोकसंख्येचा भार उशिराचे विवाह, अविवाहितांचे मोठे प्रमाण व स्थलांतर यांमुळे आटोक्यात राहिला. म्हणजे कुरणे राखण्याची किंमत गाव सोडून जाणाऱ्यांनाही मोजावी लागली.

गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले, की सर्वांसाठी खुली असलेली सामायिक साधनसंपत्ती प्रत्येकाच्या स्वार्थामुळे अखेर नष्ट होते. रॉबर्ट नेटिंग या मानवशास्त्रज्ञाने टर्बेलचा सविस्तर अभ्यास करून १९८१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात या गावाचा दाखला देऊन दाखविले, की खाजगी मालकी किंवा शासकीय नियंत्रण यांखेरीज, वापरकर्त्यांनी स्वतः केलेल्या व पाळलेल्या नियमांचा तिसरा मार्गही संभवतो. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

विसाव्या शतकात फिस्प परिसरात कारखाने निघाल्यावर अनेक ग्रामस्थ तेथे काम करू लागले आणि शेती व पशुपालन यांना दुय्यम स्थान आले. गावाच्या वरील मोसाल्प हे कुरणक्षेत्र पर्यटकांचेही आकर्षण आहे.