वडगावातून मोजलेली भरती

सकाळी ६.००
नीरा डाव्या कालव्याला पाळी सुरू आहे. रात्रभर उसाला दारं धरून गल्लीतली माणसं आत्ता कुठे घरी परतताहेत. चहाला उकळी येईपर्यंत मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून घेते. आज शुद्ध अष्टमी. सातवीला भरती-ओहोटीचा धडा आणि मधल्या सुट्टीत सहलीची बैठक. दोन्हींना तिथी लागणार आहे.

सकाळी ११.१५
वडगाव निंबाळकरच्या बहुतेक पोरांनी समुद्र मोबाईलवरच पाहिलाय. व्याख्या लिहून होते न होते तोच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, चंद्र आमच्या हिरीवरबी असतोय की! मग हिरीचं पाणी का चढत न्हाई?"

याच प्रश्नासाठी मी थांबलेली असते. भरती नुसत्या ओढीनं येत नाही, ती येते ओढीतल्या फरकानं. पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्याला जवळ, म्हणून तिथं ओढ जास्त. पलीकडची बाजू साधारण १२,७०० किलोमीटर लांब, तिथं कमी. या फरकामुळे समुद्र दोन्हीकडे फुगतो, चंद्राच्या समोर आणि बरोबर उलट बाजूलाही. पृथ्वी फिरत राहते, म्हणून आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती. विहिरीच्या दोन्ही काठांवर ओढ जवळजवळ सारखीच, मग पाणी चढणार कसं? वीर धरणाचंही तेच.

"म्हंजे वडगावला भरतीच न्हाई?"

आहे. पाण्याला नाही, जमिनीला आहे. याच ओढीनं पायाखालची जमीन दिवसातून दोनदा सुमारे फूटभर वर-खाली होते. शाळा, देवळं, कारखान्याची चिमणी, सगळा तालुका एकदमच उचलला जातो, म्हणून कुणाला कळत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं फरशीवर हात टेकवून पाहिला.

दुपारी १२.४५
दहावीला गणित घालून देते. सूर्य चंद्राच्या २ कोटी ७० लाख पट जड, पण सुमारे ३९० पट लांब. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. भागाकार केला की सूर्याची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पटींहून जास्त निघते. मग भरती सूर्याच्या नावावर का नाही? कारण भरतीचं बळ अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. ३९० चा घन ५ कोटी ९३ लाखांच्या घरात. त्यानं भागलं की उत्तर ०.४६. ओढीत सूर्य कितीही भारी असला, तरी भरतीच्या बाबतीत तो चंद्राच्या निम्म्यालाही पुरत नाही.

दुपारी २.००
डबे उघडल्यावर सहलीचा विषय. पुढच्या महिन्यात अलिबाग, कुलाबा किल्ला. एका सरांचं म्हणणं, "पौर्णिमेला जाऊ, चांदणं मिळेल." मी कागद पुढे ओढते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणनं गुणलं की मुंबई-अलिबागकडच्या भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. म्हणजे आपण पोचू तेव्हा किल्ल्याकडे चालत जायची वाट पाण्याखाली आणि पाणी ओसरेल ते थेट दिवेलागणीला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची, पण तेव्हा भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान. वाट मोकळी होईलच असं नाही. द्वादशीला भरती नऊला आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, सव्वातीनच्या सुमारास, ओहोटी. उधाण जवळ आलेलं असल्यामुळे पाणीही चांगलं हटतं.

"द्वादशीच धरा," मुख्याध्यापक म्हणाले आणि पोळीला हात घातला.

संध्याकाळी ५.००
शाळा सुटायच्या आधी सातवीला मैदानात उभं करते. सूर्य नैऋत्येला कललाय आणि अर्धा चंद्र उजेडातच वर आलाय. एक हात सूर्याकडे, दुसरा चंद्राकडे. सगळ्यांच्या हातांचा काटकोन! दोघं अशी आडवी ओढ लावतात तेव्हा भरती लहान, तोच भांग. अमावास्या-पौर्णिमेला तिघं एका रेषेत येतात तेव्हा उधाण.

रात्री ९.००
पालकांच्या चिठ्ठीत वेळा लिहिण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरतीचं वेळापत्रक बघायचं ठरवते. पाऊणपटीचा हिशोब अंदाजापुरता ठीक. किनाऱ्याची ठेवण आणि वारा त्यात धरलेले नसतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

तुम्हीही कुलाब्याला चालत जाणार असाल तर तिथी बघून दिवस ठरवा, वेळापत्रक बघून वेळ ठरवा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरलं की फोटो अर्धवट टाकून माघारी या.