वाटाण्याएवढा कारभारी

विजेच्या इस्त्रीचा छोटा दिवा अधूनमधून विझतो आणि पुन्हा लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. इस्त्री पुरेशी तापली की आतील तापनियंत्रक वीजप्रवाह तोडतो. ती निवू लागली की पुन्हा जोडतो. म्हणजे इस्त्रीची उष्णताच इस्त्रीला आवरते. अशीच एक व्यवस्था तुमच्या शरीरातही रात्रंदिवस चालू असते.

नाकाच्या मुळापासून सरळ मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोगिरासारख्या खळग्यात एक ग्रंथी बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. हीच पीयूषिका, म्हणजे पिट्युइटरी ग्रंथी. ती आपली रसायने थेट रक्तात सोडते. या रसायनांना संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात.

तिच्या पुढच्या भागात सहा प्रमुख संप्रेरके तयार होतात. एक तुमची उंची वाढवते, एक अवटू (थायरॉइड) ग्रंथीला चालना देते, एक मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना, दोन जननग्रंथींना, तर एकामुळे आईला दूध येते. मागचा भाग मात्र निव्वळ कोठार आहे. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात तयार झालेली दोन संप्रेरके तो साठवतो व गरजेप्रमाणे सोडतो. त्यांपैकी एक लघवीवाटे जाणारे पाणी वाचवते.

आता इस्त्रीकडे परत येऊ. पीयूषिकेचा हुकूम मिळाला की गळ्यातील अवटू ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. रक्तातील थायरॉक्सिन पुरेसे वाढले की पीयूषिका आपला हुकूम सौम्य करते. ते घटले की हुकूम कडक करते. यालाच शास्त्रज्ञ ऋण प्रतिपोषण म्हणतात.

परंतु थायरॉक्सिनसाठी आयोडीन लागते. ते अन्नात पुरेसे नसेल तर काय होईल, विचार करा बरे! थायरॉक्सिन कमी पडते, म्हणून पीयूषिका हुकूमावर हुकूम सोडते. अवटू ग्रंथी बिचारी राबते, फुगते, पण कच्चा मालच नसल्याने थायरॉक्सिन काही वाढत नाही. गळ्यावर गाठ दिसू लागते. हाच गलगंड. गाठीपेक्षाही मोठे संकट म्हणजे, गरोदर आईला आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

हिमालयाच्या पायथ्याशी पावसाने व बर्फाने जमिनीतील आयोडीन वाहून गेलेले आहे. तेथील कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ व एकाला साधे मीठ दिले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण बरेच घटले. साध्या मिठाच्या विभागात तसे घडले नाही. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. 1962 मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

प्रौढ माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हिशेब करून पाहा: सत्तर वर्षांचे मिळून चार ग्रॅमसुद्धा भरत नाही! मात्र शरीर ते फार काळ साठवून ठेवू शकत नाही. म्हणून ते रोज थोडेथोडे मिळावे लागते. आज घरी गेल्यावर मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, ते जरूर पाहा.