गाडीला लायनर मारताना छाती सांभाळा

आपल्या वस्तीत आता चार-सहा घरांमागे एखादी व्हॅन, छोटा टेम्पो नाहीतर रिक्षा उभी दिसते. भाजी, पाण्याचे जार, मंडपाचे सामान याच गाडीतून जाते आणि तिचा हप्ताही त्यातूनच फिटतो. ओल्या मालाचे पाणी खाली झिरपते, पत्रा गंजतो, दोन-तीन पावसाळ्यांत त्याला भोके पडतात. गॅरेजमधले कोटिंग परवडत नाही. मग दोन डब्यांचे लायनर विकत आणून रविवारी घरासमोरच मारायचे, असा बेत ठरतो. बेत वाईट नाही. नीट मारलेला थर पत्रा वाचवतो. पण आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला, कारण पत्रा वाचवताना छाती गमावण्याची वेळ येऊ शकते.

आमच्या ओळखीच्या एका भाजीवाल्या बंधूंनी मागच्या उन्हाळ्यात व्हॅनच्या आतून लायनर मारले. ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून दारे-काचा बंद ठेवल्या आणि तोंडाला रुमाल बांधला. काम करताना काही झाले नाही. रात्री मात्र खोकला लागला, छाती आवळल्यासारखी झाली, श्वासाला शिट्टी येऊ लागली. घरच्यांना वाटले, सर्दी उतरली. आठवड्याने दुसरा थर मारला, तेव्हा त्रास दुपटीने झाला. दवाखान्यात खोकल्याचे औषध मिळाले, कारण लायनरचा विषय त्यांनी काढलाच नाही. आता शेजारी कुणी असला रंग काढला, तरी त्यांना उठून लांब जावे लागते.

हे का होते ते समजून घेऊ. दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन लायनरमध्ये एक डबा रेझिनचा असतो आणि दुसरा हार्डनरचा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्यामुळेच थर रबरासारखा चिवट होतो. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरमध्ये २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट होता. डब्यातले रसायन तेच नव्हे. ते दाट असते आणि तितक्या सहज हवेत उडत नाही. पण घराणे एकच आहे. हे रसायन फुप्फुसात गेले की काही जणांचे शरीर त्याच्याशी कायमचे वैर धरते. मग पुढच्या वेळी अगदी थोडे गेले, तरी दमा उठतो. कुणाला पहिल्याच कामात होईल आणि कुणाला वर्षांनंतर, हे आधी ओळखता येत नाही. त्रासही पुष्कळदा काम संपल्यावर काही तासांनी सुरू होतो, म्हणून कामाचा आणि दम्याचा संबंध लक्षात येत नाही.

सर्वांत मोठी फसगत वासाने होते. डबा उघडल्यावर नाकात जातो तो थिनरचा वास. आयसोसायनेटला धोक्याची सूचना देईल असा वास जवळजवळ नसतोच. म्हणून ‘वास गेला, आता काळजी नाही’ हा हिशेब चुकीचा आहे.

रुमाल, ओढणी, सर्जिकल मास्क यांचा इथे काही उपयोग नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. रंगकामासाठी रबरी मास्क मिळतो. त्याला सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस आणि पुढे धुळीची गाळणी असते. तोच हवा. दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने वाफ आत जाते. स्प्रे गनने लायनर मारणे मात्र घरी करूच नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. फवाऱ्याचे बारीक थेंब थेट फुप्फुसात खोल जातात. कारखान्यात त्यासाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारे मास्क वापरतात. आपण ब्रश किंवा रोलरच वापरावा. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि चष्मा हवाच.

गाडी गल्लीच्या टोकाला, मोकळ्या जागी न्यावी. सगळी दारे उघडी, शक्य असेल तर सीट काढून बाहेर. बॅटरीची वायर सोडावी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. म्हणून जवळपास बिडी-काडी नको, गॅसची गाडी असेल तर अधिकच जपावे. सीट बेल्टचे नट आणि पाणी निघून जाण्याची भोके टेपने झाकावीत. ही भोके बुजली तर पाणी आतच राहते आणि नवा थर असूनही पत्रा सडतो.

गंज घासताना वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच घासावे. जुन्या रंगात, विशेषतः जुन्या प्राइमरमध्ये, शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण तो गाडीच्या रंगांसाठी नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला इजा करते. दारात रांगणारे मूल असेल तर हे काम तिथे करू नये. कामाचे कपडेही वेगळे धुवावेत.

दिवस कोरडा निवडावा. बुद्ध पौर्णिमेच्या सुमाराचे ऊन यासाठी बरे, फक्त काम सकाळी उरकावे. आषाढ लागल्यावर नको. हार्डनर ओलाव्याशी लढतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थराला फोड येतात. पैसे वाया आणि पुन्हा घासण्याची धूळ.

थर हाताला कोरडा लागला म्हणजे आतून पक्का झाला असे नाही. डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत गाडी उघडी ठेवावी. तोवर शाळेची मुले बसवू नयेत आणि चालकाने रात्री आत झोपू नये. ज्यांना आधीच दमा आहे, त्यांनी हे काम हातातच घेऊ नये. त्यांच्यासाठी, आणि खरे तर बहुतेक घरांसाठी, रेडऑक्साइड, वर साधा रंग आणि त्यावर जाड रबरी मॅट एवढे पुरते. रेडऑक्साइडलाही मोकळी हवा हवीच. मॅट आठवड्याला उचलून वाळवावी, नाहीतर तिच्याखालीच गंज धरतो.

अंगावर लायनर पडले तर थिनरने पुसू नका, कातडी सोलवटते. ओले असतानाच कापडाने टिपून खाद्यतेल लावावे, मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेले तर १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन दवाखाना गाठावा. छाती भरली, शिट्टी वाजू लागली तर डॉक्टरांना ‘सर्दी झाली’ एवढेच सांगू नका, कोणते लायनर आणि कधी मारले ते सांगा, डब्याचा फोटो दाखवा. १९४८ च्या कारखाना कायद्याने आयसोसायनेटची विषबाधा सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत घातली होती. गल्लीत रंग मारणाऱ्याची अशी नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून आपली आपणच ठेवावी.

राहता राहिला उरलेला माल. हार्डनरच्या डब्यात पाण्याचा थेंब गेला आणि झाकण घट्ट लावले, तर आत वायू साचून डबा फुगतो, फुटतोही. तो घरात ठेवू नये, गटारात ओतू नये. दोन्ही डब्यांतले उरलेले ठरलेल्या प्रमाणात मिसळून, मुलांपासून लांब, उघड्यावर घट्ट होऊ द्यावे. आणि रिकामा डबा कितीही मजबूत दिसला तरी पाणी भरायला किंवा तांदूळ ठेवायला वापरू नये. तळाला खिळ्याने भोक पाडूनच तो भंगारात द्यावा.