साहाय्यक प्राध्यापक होण्यासाठी काय लागते?

भंडारा जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ नाही. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी इथली कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे शिकवण्याची पहिली पायरी म्हणजे साहाय्यक प्राध्यापक.

या पदाची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने ठरते. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत आणि नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण असायला हवी. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के पुरतात. नेटच्या अर्जात ५४.९९ चे ५५ धरत नाहीत, म्हणून एम.ए.च्या शेवटच्या सत्रातला एकेक गुण मोलाचा. आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी. मिळवलेल्यांना नेट-सेटची सक्ती नाही. उलट, १ जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे.

नेट देशभर चालते. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेते, आणि तिचे प्रमाणपत्रही याच दोन राज्यांत चालते. तुमसर रोडहून रेल्वेने तिरोडीला जाता येते, पण ते मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात. तिकडच्या महाविद्यालयात अर्ज करायचा तर महाराष्ट्राची सेट उपयोगाची नाही. दोन्ही परीक्षांत बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात, त्यामुळे किमान गुण मिळाले की झाले, असे होत नाही.

पात्रता मिळाली की फक्त अर्ज करता येतो. मुलाखतीला कोणाला बोलवायचे, हे गुणांकनावर ठरते, आणि अनेकांचा घात इथेच होतो. महाविद्यालयांसाठीच्या तक्त्यात बी.ए.ला ६२ टक्के असतील तर १९ गुण, एम.ए.ला ५८ टक्क्यांचे २०, सेटचे ५, बेरीज ४४. सेटऐवजी नेट असेल तर ५ चे ८ होतात, जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह) नेट असेल तर १०. पीएच.डी.चे एकदम २५ मिळतात. म्हणजे पीएच.डी. ऐच्छिक म्हटली, तरी तिच्यावाचून यादीत वर येणे अवघडच. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल ६. अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २, कमाल १०. पदवीचे गुणही मोजले जात असल्याने ही तयारी बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू व्हायला हवी. दुर्दैवाने तेव्हा हे सांगणारे कोणी भेटत नाही.

अनुदानित महाविद्यालयात जागा भरण्याआधी शासनाची परवानगी लागते, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात निघते. निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ बसतात, आणि निवडीनंतर विद्यापीठाची मान्यता लागते. नियमित पदाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. पुढे सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध लागतात.

ही भरती रखडली की वर्ग तासिका तत्त्वावर चालतात. अशी नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते, मानधन घेतलेल्या तासांचेच मिळते, सुट्टीचे काहीच नाही. पात्रता मात्र नियमित पदाचीच मागतात, हा उघड अन्याय आहे. अशा उमेदवाराने दरवर्षीचे नियुक्तीपत्र, अनुभवपत्र आणि विद्यापीठाचे मान्यतापत्र एकाच फाइलमध्ये लावून ठेवावे, कारण पुढच्या जाहिरातीत अनुभवाचे गुण मागताना हेच कागद दाखवावे लागतात.