काचबिंदू : थेंबांच्या आधी लेझर?

हळदीकुंकू असो की बचत गटाची बैठक, डोळ्यांचा विषय निघाला की आमच्याकडच्या साठीपुढच्या बायांचं उत्तर ठरलेलं. "मोतीबिंदू असन बाई, पिकला की काढून टाकू." मोतीबिंदूत ही वाट पाहणं एक वेळ चालून जातं, कारण ऑपरेशननंतर बहुधा पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत मात्र गेलेली नजर परत येत नाही. नावं सारखी, पण दुखणी वेगळी.

आपल्या डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं (हे अश्रू नव्हेत) आणि एका बारीक जाळीतून बाहेर पडतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं ना, तसंच इथे होतं. दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस सुकत जाते. बहुतेकींना दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूचं दिसणं कमी होतं. समोरचं नीट दिसतं म्हणून तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं चालूच राहतं.

हा काही दूरचा आजार नाही. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या सुरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. जोस्ट जोनास यांच्या चमूने नागपूरजवळच्या ८ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले. काचबिंदू हाही त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे रोज, जन्मभर थेंब. वाचायला सोपं, पण करून पाहा! लग्नसराईत, शेतीच्या हंगामात बाटली विसरते. महिन्याचा खर्च वेगळा. काही औषधांची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात दिवसाआड लाइट जातात. सासूबाईंचे थेंब सून वेळेवर घालते, स्वतःचे मात्र "उद्या घालीन" म्हणते.

म्हणूनच लंडनचा 'लाइट' नावाचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यात ७१८ नवे रुग्ण होते. निम्म्यांना आधी थेंब, निम्म्यांना आधी लेझर. २०१९ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांनंतर लेझरवाल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना थेंबांची गरज उरली नव्हती. थेंबवाल्यांपैकी ११ जणांना काचबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं, लेझरवाल्यांत एकालाही नाही. त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही अशा अनेक रुग्णांना आधी लेझरच सुचवावं, असं आलं.

या लेझरला एसएलटी म्हणतात. डोळा बधिर करणारे थेंब घालतात, रुग्ण यंत्रासमोर बसते आणि त्या तुंबलेल्या जाळीवर प्रकाशाचे सूक्ष्म ठिपके देतात. चिरा नाही, टाके नाहीत. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. एक-दोन दिवस डोळा थोडा लाल होतो, कधी दाब तात्पुरता वाढतो, म्हणून पुन्हा दाखवायला जावंच लागतं. परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, मग लेझर परत करता येतं. काहींना थेंबही लागतात. आणि गेलेली नजर लेझरनेही येत नाही, असलेली राखली जाते.

हे लेझर सगळ्यांसाठी नाही. डोळ्यातला पाण्याचा रस्ताच अरुंद असेल तर वेगळा प्रकार होतो, आणि तो बायकांत जास्त आढळतो. त्यावरचं लेझरही वेगळं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा काचबिंदू कोणत्या प्रकारचा? मला आधी लेझर चालेल का?" चालू असलेले थेंब मात्र मनाने बंद करू नका.

नेत्र तपासणी शिबिरात नोंदणीच्या टेबलावर मी बसते, तेव्हा एक गोष्ट दर वेळी दिसते. बाई नवऱ्याचं नाव लिहिते, सासूचं लिहिते आणि बाजूला उभी राहते. मैत्रिणींनो, चाळिशी ओलांडली असेल, आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मधुमेह असेल, किंवा डोळ्यांच्या खाजेसाठी दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब वापरत असाल, तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. डोळ्याचा दाब आणि मागची नस, दोन्ही तपासून घ्या. कारण दाब ठीक असूनही काहींची नस सुकते. पुढच्या शिबिरात यादीत तिसरं नाव तुमचं असू द्या.