खात्यापित्या घरचे

‘खात्यापित्या घरचा दिसतो’ हे आपल्याकडे कौतुकाचे वाक्य. रेशनच्या रांगा आणि १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला अंगावरचे चार किलो मुदत ठेवीसारखे वाटले, तर नवल नाही. पण या ठेवीचे आता कर्ज झाले आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के जादा वजनाचे निघाले.

त्यातून वजनकाटा सगळेच सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. चरबी मात्र इंग्रजाच्या अंगात ९ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या २१! आपली चरबी पोटात दडते आणि मधुमेहाला वाट करून देते. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप खरी बोलते. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की सावध व्हावे.

माझी हयात बँकेत गेली. सकाळी खुर्चीत बसलेला माणूस संध्याकाळीच उठायचा. मधल्या वेळात चहा, बढतीचे पेढे, बारशाचे बर्फीचे तुकडे. जमा रोजची, खर्च नाही. असे खाते कुठे फुगते, हे सांगायला ऑडिटर लागत नाही.

उपाय महागडे नाहीत. महिन्याला किती लिटर तेल आणि किती किलो साखर येते, ते वाण्याच्या बिलावर लिहिलेले असते, ते वाचावे. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर हे आपलेच जेवण. त्यात भाताचा डोंगर तेवढा कमी करावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. जागतिक आरोग्य संघटनाही दीडशे मिनिटेच मागते.

पण हा हिशेब घरातल्या बाईपाशी अडतो. ‘वाया जायला नको’ म्हणून पातेल्यातले उरलेले तीच संपवते, आणि फिरायला तिलाच वेळ नसतो. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून सर्वांनी वाटून खावा. आणि ती चालायला जाईल त्या अर्ध्या तासात कुकर दुसऱ्या कोणीतरी लावावा.