तिला सारे दिसते!

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने मराठी वाचकांची झोप उडवली. पण तेव्हा गुप्तहेर म्हटला की तो पुरुषच! दूरदर्शनवरील ‘करमचंद’मध्येही (१९८५) किटीच्या वाट्याला आली ती मदतनिशी आणि बोलणी. आता पारडे फिरले आहे. फ्रान्सच्या ‘एचपीआय’ (२०२१) मालिकेत अधिकाऱ्यांना न सुटलेला गुंता सोडवते कोण, तर पोलीस कचेरीत साफसफाई करणारी बाई!

ही निव्वळ गंमत समजू नका. १९९१ साली मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढणाऱ्या रजनी पंडित एका खुनाच्या तपासात संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण होऊन राहिल्या. हवा असलेला माणूस घरी आला. पण निरोप कसा धाडायचा? त्यांनी सुरीने आपलाच पाय कापून घेतला आणि मलमपट्टीच्या निमित्ताने बाहेर पडून फोन गाठला.

मालिका हसतखेळत सांगतात ते हेच: जिच्याकडे कोणी पाहत नाही, तिला सारे दिसते. मुलाचा उतरलेला चेहरा, शेजारी अपरात्री लागलेला दिवा—घरची गृहिणी हे टिपते, तेव्हा आपण तिला भोचक म्हणतो. पुरुषाने टिपले की तो तपास!

तेव्हा, माहुल असो की मुलुंड, “काहीतरी बिनसलंय हं!” असे ती म्हणाली, तर हसण्यापूर्वी जरा ऐकून घ्या.